आई, नाव कोणतं लिहू?

नाशिकरोड,
७ सप्टेंबर

ति. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इथे सगळं ठीक आहे. फोन केला की बाबा दोनदा "हां, हां" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आईने मी जेवले का ते विचारेपर्यंत धारेची वेळ होते. सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. सोबत पेनड्राइव्ह पाठवते आहे आणि मोठ्या अक्षरात हाताने लिहिलेले गाण्यांचे कागद. आई, एका गोष्टीचं उत्तर फक्त तुझ्याकडून हवंय. ते शेवटी विचारते, पण आधीचं वाचल्याशिवाय शेवटाकडे जाऊ नकोस.

माझ्या गाण्यांचं रेकॉर्डिंग झालं. नऊ गाणी, चार दिवस. आडगावच्या पुढे, हायवेपासून बरंच आत एक मंगल कार्यालय आहे, तिथे. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे हॉल स्वस्तात मिळाला. आवाज फार घुमत होता. मग कार्यालयातल्या वऱ्हाडाच्या गाद्या भिंतींना उभ्या केल्या, वर सतरंज्या टाकल्या, आणि आई, तू शिवलेल्या दोन्ही गोधड्या माझ्या माइकच्या मागे टांगल्या. टाळी वाजवून पाहिली, तर आवाज जागच्या जागी मिटला. आम्ही सात जण होतो: संबळ, ढोलकी, पेटी, बासरी, बेस गिटार, तुणतुणं आणि गिटार घेऊन मी. गोल करून बसलो, प्रत्येकाला दुसऱ्याचा चेहरा दिसेल असे.

बाबा, तुम्ही दिवाळीत विचारलं होतं, एकेकाला बोलावून थोडक्यात नाही का होणार? तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण मला ते नीट मांडता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी दोन गाणी तशीच केली होती. मी घरी गायले, ढोलकी पुण्यात वाजली, बासरी आणखी कुठे. प्रत्येकाच्या कानात तीच घड्याळासारखी टकटक, तिला क्लिक म्हणतात, आणि त्या टकटकीवर प्रत्येकाने आपापला भाग वाजवून पाठवला. सगळं तालात होतं. पण ढोलकीवाल्याने माझा श्वास ऐकला नव्हता आणि मी त्याचा हात पाहिला नव्हता. ती गाणी मी आता लावत नाही.

दादाच्या लग्नानंतरचा गोंधळ आठवा. सुरुवातीला गोंधळी किती सावकाश बोलत होता, मध्येच थांबून दादाची चेष्टा करत होता. मग देवीचं आवाहन आलं, संबळ चढत गेला आणि हातात दिवटी धरलेले तुम्ही, बाबा, पायाने ठेका धरायला लागलात. लय वाढवायची असं तिथे कुणी ठरवलं नव्हतं. क्लिकवर ते होत नाही, कारण टकटक शेवटपर्यंत तीच राहते. आमचं तिसरं गाणं गोंधळाच्या चालीवर आहे. ते जिथे सुरू होतं त्याहून खूप पुढच्या लयीत संपतं. किती पुढच्या, ते संबळवाल्या काकांनी त्या क्षणी ठरवलं आणि आम्ही सगळे त्यांच्या खांद्याकडे बघत मागोमाग गेलो.

एका खोलीत वाजवण्याचे तोटेही आहेत. माझ्या माइकमध्ये संबळ शिरतो, पेटीच्या माइकमध्ये माझा आवाज. एकाचं चुकलं तर तेवढंच पुसून पुन्हा भरता येत नाही, सगळ्यांनी पहिल्यापासून वाजवायचं. दुसऱ्या दिवशी हवा इतकी ओली होती की संबळाचं चामडं सैलावलं, आवाज भद्द यायला लागला. काका उठले, कार्यालयाच्या भटारखान्यात गेले, मोठी शेगडी पेटवली आणि लांबून, हातांवर तोलत, चामडं शेकलं. तळहात मध्ये धरून धग तपासायचे. एक गाणं झालं की पुन्हा भटारखान्यात. त्या दिवशी दोनच गाणी झाली. पण त्या दोन गाण्यांतला संबळ ऐका, चामडं कसं कडकडीत बोलतं ते.

आपल्या गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या पुरावर एक गाणं केलंय. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. नाशिकमध्ये पूर मोजायची आपली हीच तर पट्टी. २००८ च्या पुरात भांडीबाजारातली दुकानं पाण्यात गेली, तेव्हा आपण पुलावर गर्दीत उभे होतो आणि बाबा शेजारच्यांना १९६९ च्या पुराचं आजोबांकडून ऐकलेलं सांगत होते. ते सगळं गाण्यात आलंय. आमचा पाचवा टेक, म्हणजे तेच गाणं पाचव्यांदा वाजवणं, चालू असताना पत्र्यावर पाऊस आला. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाने थांबायची खूण केली, पण आमच्यातलं कुणीच थांबलं नाही. शेवटच्या कडव्यात पाऊस एवढा वाढला की मला आवाज चढवावा लागला, आणि 'छातीला पाणी' म्हणताना तो थोडा फाटलाय.

बाबा, यावर तुमचं म्हणणं मला माहीत आहे. पस्तीस वर्षं नोट प्रेसमध्ये तुम्ही कागदावरचा केसाएवढा डाग हेरलात आणि तो ताव बाजूला काढलात. घरी आल्यावरही माझ्या वहीतली खाडाखोड तुमच्या नजरेतून सुटायची नाही. त्या नजरेचा मला धाक होता आणि अभिमानही आहे, कारण खपून जाईल तिथेही खपवून घेऊ नये हे मी तुमच्याकडूनच शिकले. म्हणून या टेकवर मी आठ दिवस विचार केला. त्याआधीचा चौथा टेक स्वच्छ आहे, आवाज कुठेही फाटलेला नाही. दोन्ही दहादा ऐकले. चौथ्यात मी पुराबद्दल गाते आहे. पाचव्यात पाणी अंगावर येतंय. पाचवा ठेवला. तुम्ही ऐका आणि तरीही डाग वाटला तर तसं सांगा.

ऐकण्याबद्दल एक. मोबाइलवर लावू नका, त्यातून खालचे आवाज येतच नाहीत. दादाच्या खोलीतला मोठा स्पीकर बाहेर आणा आणि बाबांना त्याच्यासमोर बसवा, कानाचं यंत्र लावून. वय झालं की आधी वरचे, बारीक आवाज जातात, 'स', 'श', 'त' ही अक्षरं निसटतात. म्हणून बाबांना बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. त्यासाठीच गाणी मोठ्या अक्षरात लिहिलीत. कागद समोर धरून ऐकलं की शब्द सापडतील. तुणतुणं कदाचित लागणार नाही, पण संबळ आणि बेस छातीत लागेल.

आता हिशेब, तुम्ही विचारायच्या आधी. वादकांचे १ लाख ४० हजार, यंत्रणा आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाचे ९० हजार, हॉलचे ४०, जेवण आणि येण्याजाण्याचे ४०. एकूण ३ लाख १० हजार. एफडी मोडली. कर्ज काढलेलं नाही. मार्चमध्ये एका कंपनीने सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. कागद आला त्यात लिहिलं होतं की रेकॉर्डिंग कायमचं त्यांचं, आणि कुठली गाणी ठेवायची, कुठली गाळायची हेही तेच ठरवणार. पुराचं आणि ओवीचं गाणं त्यांना नको होतं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा लिहून घेता येत नाही, तेवढं कायद्याने राखलंय. पण जी गाणी बाहेरच येणार नाहीत त्यांची रॉयल्टी कुठून येणार? मी नाही म्हटलं. नोकरी सोडली तेव्हा बाबा चार महिने माझ्याशी बोलले नव्हते, त्यामुळे हे मार्चमध्ये सांगायचा धीर झाला नाही. आता सांगते.

आणि बाबा, या रस्त्यावर पहिलं पाऊल तुम्हीच टाकायला लावलंत. सिन्नरच्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला माणूस, मोठेपणी अक्षरं शिकला आणि मग आयुष्यभर स्वतः लिहून स्वतः गात गावोगाव फिरला. वामनदादा कर्डकांबद्दल हे तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून सांगायचात. २००४ साली ते गेले त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. मी लहान होते, पण गाणं लिहिणारा माणूस गेला की घरात कुणी उपाशी राहतं हे मी तेव्हा पाहिलं.

सातवं गाणं द्राक्षाच्या बागेतलं आहे. आपल्याकडे गोडी छाटणीला पेठ-सुरगाण्याहून बायका येतात ना, त्या डहाळ्या बांधताना जी चाल गुणगुणतात, ती मी गेल्या वर्षी त्यांच्यासोबत बांधावर बसून शिकले. शब्द माझे, चाल त्यांची. ती चाल कुठून आली विचारलं तर म्हणाल्या, आमच्या आयांची. मी सगळ्यांची नावं आणि गावं लिहून घेतली. गाण्याखाली ती येणार, आणि या गाण्याचे जे काही पैसे येतील त्यात त्यांचा वाटा. नुसतं 'पारंपरिक' असं लिहून मोकळं होणं मला जमत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, पण ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. म्हणून आज आपण एखादी ओवी वाचतो तेव्हा ती कुणाच्या तोंडची हे कळतं. नाहीतर बाईचं नाव जात्यातल्या दाण्यासारखं जातं.

तर आई, तुझं.

गेल्या वर्षी वैशाखात मावशीकडे लग्नाचा घाणा भरताना तुम्ही सगळ्या जात्याभोवती बसला होतात. मी कोपऱ्यातून मोबाइलवर ओव्या टिपत होते. मामी मध्येच म्हणाली, हिचं कधी उरकणार? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तू मान वर केली नाहीस. खुंटा फिरवत राहिलीस आणि म्हणालीस:

पीठ गं पडतं, जसं सांडलं चांदणं
माझ्या गं लेकीचं, गाण्यामंदी नांदणं

मामी गप्प झाली. मी रात्री विचारलं, ही आजीची का गं? तू हळूच म्हणालीस, "नाही, ही तिथंच सुचली." आणि लगेच, "कुणाला सांगू नको."

आई, मी सांगितलं आहे. ही ओवी शेवटच्या गाण्यात आहे. गाणं तुझ्याच आवाजाने सुरू होतं, मोबाइलमधल्या, मागे जात्याची घरघर आणि बांगड्यांसकट. मग तुणतुणं तुझा सूर धरतं. तुझी पट्टी पेटीवरच्या काळ्या चारच्या किंचित खाली होती, म्हणून ज्यांची वाद्यं उतरवता येतात त्यांनी ती तेवढी उतरवून घेतली. तुला वर ओढायचं नाही यावर कुणालाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ऐकल्यावर संबळवाले काका म्हणाले, "ताई, या माऊलीला एकदा भेटवा." तुला न विचारता रेकॉर्ड केलं ही माझी चूक आहे. तू नको म्हणालीस तर हे गाणं मी काढेन, आठच गाणी येतील, आणि मी रुसणार नाही.

पण हो म्हणालीस तर पुढचं. गाणी नोंदवायला इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, फॉर्म भरायचा असतो. त्यात गीतकार असा रकाना आहे. या गाण्याला त्या रकान्यात दोन नावं येणार, आधी तुझं आणि मग माझं. तुझं तुझ्या हयातीत तर राहीलच, आणि त्यानंतर ६० वर्षं कायद्याने तुझ्या वारसांकडे. 'माझं कुठलं, ते जात्याचं' असं तू म्हणशील ते मला ऐकू येतंय. बाकीच्या ओव्या जात्याच्या असतील. ही तुझी आहे, ती होताना मी समोर बसले होते.

रकान्यात पूर्ण नाव लागतं. तू शाळेच्या दाखल्यावर एक आहेस, रेशनकार्डावर दुसरी. लग्नात बाबांकडच्यांनी तुझं नाव बदललं, पण माहेरी अजून जुन्याच नावाने हाक मारतात, आणि जात्यावर बसलेली तू मला त्या जुन्या नावाचीच वाटतेस. बाबा रागावणार नाहीत, त्यांना विचार हवं तर. नाव कोणतं लिहू ते सांग. फोनवर नको, या पत्राच्या मागे तुझ्या हाताने लिहून दादाकडे दे. तो गुरुवारी पिंपळगावला माल घेऊन येणार आहे, मी तिथे येऊन घेईन.

गोडी छाटणीच्या आधी दोन दिवस राहायला येते. बाबांच्या यंत्राचे सेल आणि गुडघ्याचं तेल आणते.

तुमची,
धाकटी