बाबांच्या अंगठ्यांसाठी पातळ पत्ती

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मनात काही राहणार नाही. विणकामाच्या जुन्या मागाच्या सागवानी फळ्या दादा या आठवड्यात मशीनवर रंधून आणणार आहे. ठरलंय, मशीनवाल्याशी बोलणंही झालंय. तुम्हाला विचारलं असतं तर "मी करतो की हळूहळू" म्हणाला असतात, आणि रंध्याचं वजन अंगठ्याच्या मुळाशी कुठे येतं ते डॉक्टरांनी तुम्हाला बोट ठेवून दाखवलंय. रागावू नका. पाळणा तुम्हीच करताय, त्यात कुणी लुडबुड करणार नाही. मशीन फक्त फळ्यांची जाडी एकसारखी करेल. तिच्या पात्यांच्या बारीक लाटा फळीवर राहतातच, आणि गाठीजवळ लाकडाच्या तंतूंची रेषा उलटी फिरली की तिथलं लाकूड उपटून येतं. ते गुळगुळीत करणं मशीनला जमत नाही. ते लाकूड खरवडायच्या पातळ पोलादी पत्तीचं काम, म्हणजे तुमचं.

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं मंदार येतोय, त्याच्याकडे दोन पत्त्या आणि एक दोन मुठींचा स्क्रॅपर दिलाय. किंमत विचारू नका. पॉलिश पेपरवर दरवर्षी जातात त्याहून फार नाहीत, आणि पेपरची ती पिठासारखी धूळ तुमच्या छातीत जायची थांबेल हा हिशेब वेगळाच.

करवतीच्या पात्यातून कापलेली तुमची जुनी पत्ती ०.८ मिमीची आहे. ती आता ठेवून द्या (टाकू नका, मला हवीय). पत्ती वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे ०.६ मिमीच्या पत्तीला निम्म्याहून कमी जोर लागतो आणि ०.४ ला फक्त आठवा हिस्सा. अंगठे दुखायचे ते तुमचं वय झालं म्हणून तेवढे नाहीत. त्या पत्तीनं कुणाचेही दुखले असते. पण ०.४ ला एक खोड आहे. ती लवकर तापते, आणि जरा जास्त वाकली की मधोमध चर पाडते. म्हणून सपाट जागी ०.६ आणि गोल दांड्यांना ०.४. दोन्हींची लांबी १५० मिमी आहे. हातात छोटी बरी म्हणून कापू नका, आखूड पत्ती जास्त ताठ होते.

मोठ्या फळ्यांना मात्र पत्ती घेऊच नका, दोन मुठींचाच घ्या. त्यात पातं वाकवायचं काम मागचा स्क्रू करतो, अंगठ्यांना काहीच नाही. पातं खालून घालायचं, त्याची ४५ अंशांची उतरती बाजू मागच्या स्क्रूकडे. हत्यार सपाट फळीवर ठेवायचं, पातं बोटानं हलकंच दाबून फळीला टेकवायचं आणि पुढची पट्टी आवळायची. मग मागचा स्क्रू पात्याला लागेपर्यंत, आणि त्यापुढे थोडासाच. आधी भंगार तुकड्यावर चालवा. काहीच निघालं नाही तर स्क्रू किंचित आणखी फिरवा. हत्यार थडथडायला लागलं तर तो जास्त झालाय. मुठी आवळून धरायच्या नाहीत, तळव्यानं ढकलायच्या. कोपरं बरगडीशी, एक पाय पुढे, आणि अंगानं पुढे झुकायचं.

पत्ती हातात घ्याल तेव्हा ढकलण्यापेक्षा ओढून बघा. ओढताना पलीकडून बोटं पत्तीला बाक देतात आणि अंगठे नुसते टेकलेले राहतात. पत्ती रेषेला थोडी तिरकी धरा, नाहीतर मशीनच्या लाटांवर तीही तशीच नाचत जाईल. आणि एकाच जागी घासत बसू नका. डाग निघतो पण तिथे खड्डा पडतो, तो पॉलिश केल्यावर दिसतो.

आता धार. कानस आणि दगड दोन्ही मीच मारून पाठवलंय, कोपरेही गोल केलेत. तुम्ही फक्त हुक, म्हणजे कडेवरचा बारीक आकडा, वळवायचा. पत्ती टेबलाच्या कडेला आडवी, तेलाचा थेंब, कडक सळई जवळजवळ सपाट धरून चार-पाच हात. मग पत्ती शिकंज्यात उभी, सळई आधी काटकोनात एक-दोनदा, नंतर ५ ते १० अंश झुकवून दोन-तीनदा. हलक्या हातानं. इथे जोर कमी असणं फायद्याचंच आहे: जोर लावला की हुक गोल वळून आत जातो, मग पत्ती इतकी आडवी धरावी लागते की बोटांची पेरं लाकडाला घासतात. सळई पाठवलीय तीच वापरा. स्क्रूड्रायव्हरचा दांडा कधीकधी पत्तीपेक्षा मऊ निघतो, मग त्यालाच खाचा पडतात.

ढलपी निघाली पाहिजे, पातळ आणि गुंडाळलेली. (त्या आईच्या केराच्या टोपलीत न जाता माझ्या हातात बांगड्या व्हायच्या, आठवतं?) भुसा यायला लागला की धार गेली. अशा वेळी आपण जास्त दाबतो, आणि हात तिथेच दुखावतो. दाबू नका, बाजू बदला. एका पत्तीला दोन लांब कडा, प्रत्येक कडेला दोन धारा, म्हणजे चार. चारही गेल्या की सळई पुन्हा फिरवा. साधारण चार-पाच वेळा असं चालतं. त्यानंतर कानस लागते, ती दादा मारेल. ठोकळ्यात कानसेएवढी खाच पाडून दिलीय. ठोकळा पत्तीला चिकटून सरकला की कड काटकोनात राहते. सागवानात मुळातच वाळूसारखा अंश असतो, त्यामुळे धार लवकर जाणारच. त्यात तुमचा हात कमी पडतोय असं समजू नका.

मागाच्या लाकडाचं एक वेगळं आहे. त्यात मोडलेले खिळे आहेत. मशीनवर जाण्याआधी दादाला सगळ्या फळ्यांवर चुंबक फिरवायला सांगितलंय, पण तुम्हीही फिरवा. एका खिळ्यानं पात्याला खाच पडली की पुढे प्रत्येक हाताला फळीवर ओरखडा उठतो. आणि जिथे वर्षानुवर्षांचं तेल नि खळ मुरलीय तिथे पत्ती चिकट होते. ती चिंधीनं पुसत जा. बोटानं नाही! रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, बारीक कापलं तरी थांबत नाही.

पत्ती तापून अंगठे पोळतात त्यावरही सोय केलीय. फ्रिजला लावतात तसला लवचिक चुंबकाचा तुकडा कापून दिलाय, अंगठे टेकतात तिथे चिकटवा, धारेपासून बोटभर मागे.

आई, हे तुझ्यासाठी. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच बसू दे त्यांना, दुपारी त्या पत्र्याच्या शेडमध्ये अजिबात नाही. वीस मिनिटं झाली की हाक मार. "एवढी फळी होऊ दे" हे ऐकायचं नाही. थांबले की हात कोमट पाण्यात. खुर्ची नवी घेऊ नका, पुढच्या खोलीतली हातांची आहे ती शेडमध्ये न्या, पंखा मागून लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी धरताना अंगठा दुखला तर त्या दिवशी सुट्टी, आणि मला फोन. लपवू नका, मला दादाकडून कळतंच.

पाळणा गड्ड्याच्या जत्रेच्या आत व्हायलाच हवा असं काही नाही. बाळ तोवर झोळीत झोपेल. आधी दोन मुठींचा एखाद्या टाकाऊ फळीवर चालवून बघा आणि निघालेल्या ढलपीचा फोटो पाठवा, मी स्क्रू कमी-जास्त करायला सांगते.

तुमची,
मनी