घरच्या बनावटीच्या ड्रोनलाही तपासणीची वाट हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेली एकवीस वर्षे मी कोल्हापुरात चित्रपट-जाहिरातींसाठी कॅमेरा चालवतो. तयार मिळणाऱ्या ड्रोनला त्याचा स्वतःचा छोटा कॅमेरा असतो. जमिनीवरचे दृश्य अलेक्सा मिनी या चित्रपटाच्या मोठ्या कॅमेऱ्यावर घेतले आणि वरचे त्या छोट्या कॅमेऱ्यावर, की रंग आणि खोली जुळत नाही. पडद्यावर तो जोड डोळ्याला टोचतो. अलेक्सा मिनीचे नुसते वजन २.३ किलो, लेन्स, गिम्बल (कॅमेरा स्थिर धरणारी चौकट), बॅटरी धरून सात किलोंच्या घरात जाते. ते उचलणारा परदेशी ड्रोन मागवावा, तर फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुट्या भागांवर नाही. म्हणून तो आम्ही इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, बांधला.

चार हात, प्रत्येक हाताला वर एक आणि खाली एक अशा आठ मोटरी, २८ इंची कार्बन फायबरची पाती. खालचे पाते वरच्याने ढवळलेल्या हवेत फिरते, त्यामुळे थोडी ताकद वाया जाते. तरी हीच रचना घेतली, कारण एक मोटर गेली तरी त्याच हातावरची दुसरी यंत्र सावरते. मोटरीच्या बैठका आमच्या टर्नरने लेथवर तीनदा नव्याने काढल्या. कॅमेरा, बॅटऱ्या सगळे धरून वजन २२ किलो भरते. बारा मिनिटे झाली की बॅटरी कितीही उरलेली असो, मी उतरवतोच.

गेल्या मार्चमध्ये शिरोळ तालुक्यात ऊस तुटून गेलेल्या रानात चाचणी घेत होतो. कॅमेऱ्याच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी बांधली होती. पंधरा मीटरवर असताना आवाज बदलला, यंत्र एका अंगाला झुकले, सावरले. मी सावकाश खाली घेतले. तिसऱ्या हाताची खालची मोटर बंद पडली होती. मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरच्या वायरीचा सांधा चकाकत नव्हता, राखाडी आणि दाणेदार दिसत होता. डाग देताना जाड वायर पुरती तापलीच नव्हती. तो सांधा मीच दिला होता. त्या रात्री आठही मोटरींचे सगळे सांधे उकलून पुन्हा दिले.

आता मुख्य मुद्दा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ ते २५ किलोचा ड्रोन 'लहान' गटात येतो आणि धंद्यासाठी उडवायचा तर टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल तपासून मंजूर केल्याचे प्रमाणपत्र, लागते. छंद, शिक्षण, संशोधनासाठी २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला सूट आहे. मोबदला घेऊन चित्रीकरणाला नाही. हे सर्टिफिकेट एका मॉडेलला मिळते. जो कारखाना त्या मॉडेलचे शेकडो नग विकणार, त्याला तो खर्च आणि वेळ परवडतो. एकच यंत्र बांधणाऱ्याने काय करायचे? सर्टिफिकेट नाही म्हणून नोंदणी क्रमांक नाही, आणि क्रमांकाशिवाय कामावर उडवणे मला मान्य नाही. एका निर्मात्याने 'कोण बघतंय' म्हणून आग्रह धरला, तेव्हा मी काम सोडले. खाली चाळीस माणसे उभी असतात हो!

मला सूट नको आहे, तपासणी हवी आहे. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) एकेका यंत्रासाठी वेगळी सोय करावी: यंत्र तोलावे, सांधे उघडून बघावेत, भार लावून उडवून बघावे, संपर्क तुटल्यावर ते आपसूक परत येते का ते पाहावे आणि प्रमाणपत्र त्या एकाच यंत्राला द्यावे. हात किंवा मोटर बदलली तर पुन्हा तपासणी. माणसांच्या डोक्यावरून उडवायचे नाही, ही अटही त्यातच लिहावी. वाजवी शुल्क आम्ही आनंदाने भरू.

याच कोल्हापुरात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला. उद्यमनगरात आजही तसे हात आहेत. अधिकाऱ्यांनी कधीही यावे. सात किलो वजन बांधून, पंधरा मीटरवर नेऊन, ते म्हणतील ती मोटर बंद करून दाखवायला मी तयार आहे.

आपला,
एक कॅमेरामन वाचक, कोल्हापूर