ओव्हरकरंटवर ट्रिप होणारा ड्राइव्ह आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
मा. व्यवस्थापक, सेवा विभाग

विषय: ११ किलोवॅट ड्राइव्हची वॉरंटी चुकीच्या कारणाने नाकारल्याबाबत

महोदय,

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत धूळ ओढणाऱ्या ब्लोअरवर आपला ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) आहे, अजून वॉरंटीत आहे. तो ओव्हरकरंट (मर्यादेपेक्षा जास्त करंट) दाखवून सारखा ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. ब्लोअर बंद पडला की शेकआउटवर (साचा फोडून कास्टिंग काढतो तिथे) माणूस उभा राहू शकत नाही, काम तिथेच खोळंबते.

आपले इंजिनिअर आले, अॅक्सिलरेशनची (वेग घेण्याची) वेळ २० सेकंदांवरून ९० केली आणि 'मोटर किंवा लोडचा दोष' असा शेरा मारून गेले. ब्लोअरचा पंखा जड असतो. वेग घेताना ट्रिप होत असता तर हा उपाय मलाही पटला असता. पण ड्राइव्हच्या फॉल्ट हिस्टरीत (बिघाडांच्या नोंदीत) प्रत्येक ट्रिप ४५ हर्ट्झचा आहे, म्हणजे ब्लोअर एकाच वेगाने चालू असतानाचा. ती उघडून बघायची तसदीही त्यांनी घेतली नाही.

नंतर आमच्या इलेक्ट्रिशियनने सप्लाय बंद करून, कपॅसिटर डिस्चार्ज झाल्यावर केबल ड्राइव्हपासून सोडवली आणि मोटर-केबल ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासली. तिन्ही फेज अर्थशी १०० मेगाओहमच्या वर, म्हणजे इन्सुलेशन चांगले. (ड्राइव्ह जोडलेला ठेवून मेगर मारण्याइतके आम्ही अडाणी नाही. फोनवर तोही आरोप झाला, म्हणून लिहितो.) बेअरिंग ठीक, पंखा हाताने मोकळा फिरतो. चालू ब्लोअरवर ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर तिन्ही फेजला १७-१८ अँपिअर दाखवतो. मोटरच्या नेमप्लेटवर २१ आहे. ड्राइव्हचा डिस्प्ले मात्र त्याच वेळी मध्येच ३८ वर उडी मारतो.

शेवटी केबल काढूनच, व्ही बाय एफ मोडवर (व्होल्टेज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात ठेवणारा साधा मोड), आउटपुट फेज लॉसचे (फेज तुटल्यास ड्राइव्ह थांबवणारे) प्रोटेक्शन तेवढ्यापुरते बंद करून ड्राइव्ह नुसता चालवला. टर्मिनलला काहीही जोडलेले नसताना डिस्प्लेवर १४ अँपिअर! पॅनेल तापल्यावर पुन्हा ओव्हरकरंट. मोटरच नाही, तर मोटरचा दोष कुठून आला? आतला करंट सेन्सर किंवा त्याचे कार्ड गेले आहे, असे आमचे मत आहे. व्हिडिओ सोबत जोडला आहे.

तो शेरा मागे घेऊन ड्राइव्ह वॉरंटीत दुरुस्त करून किंवा बदलून द्यावा, तोपर्यंत पर्यायी ड्राइव्ह द्यावा आणि घेतलेला व्हिजिट चार्ज परत करावा. पुन्हा नकार द्यायचा असेल तर कारण मोजमापांसह लेखी कळवावे. आणि इंजिनिअर पाठवाल तेव्हा क्लॅम्प मीटर बरोबर द्या. मागच्या खेपेला त्यांच्याकडे नव्हता.

कळावे,
आपला ग्राहक,
प्रोप्रायटर, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर