आयर्विनचे फूट मोजायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुम्ही पुण्याला मुलाकडे राहायला गेलात तेव्हा सामानाच्या गडबडीत नीट बोलणंच झालं नाही. समोर आभार मानले असते तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. पूरपट्ट्यातल्या आणखी चार घरांना त्याचा उपयोग व्हावा, हाही हेतू आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी, जिथे पुराची पातळी मोजतात, कृष्णा 57 फुटांवर गेली आणि आपल्या गल्लीतले तळमजले बुडाले. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना आम्ही होडीतून बाहेर काढलं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं गेली. पुढे कितीतरी दिवस नुसता पाऊस म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा. धीर देणारे खूप भेटले, काका. तुम्ही मात्र ओल्या ओट्यावर बसलात आणि कागद-पेन मागितलंत.

40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ असतं. पण ‘तुमच्या उंबऱ्याला पाणी कितव्या फुटाला लागतं?’ असं आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं. भिंतीवरच्या चिखलाच्या रेघा आणि त्या त्या दिवशीची आयर्विनची पातळी यांचा मेळ घालून तुम्ही आमच्या घराचा आकडा काढलात: 47. पाटबंधारे खात्यात घालवलेली तुमची हयात त्या एका आकड्यामागे होती.

मग तिथून तुम्ही उलटं मोजत आलात. पाणी 35 ला आलं की सासूबाई महिन्याच्या गोळ्यांसकट विश्रामबागला नणंदेकडे. इशाऱ्याची वाट बघायची नाही, आजारी माणूस रस्ता कोरडा असतानाच हलवायचा. 40 ला कागदपत्रं, धान्य आणि फ्रिज माडीवर. 43 ला रेग्युलेटर काढून सिलिंडर वर न्यायचा आणि गजाला बांधायचा, नाहीतर तो तरंगत जातो. संडासाच्या भांड्यावर वाळूची पोती ठेवायची, कारण ड्रेनेजचं पाणी दारातून येणाऱ्या पाण्याच्या आधी घरात शिरतं. पंचनाम्यासाठी खोल्यांचे फोटो काढायचे, मेन स्विच बंद करायचा आणि निघायचं. ‘अजून थोडं बघू’ हे वाक्य त्या कागदावर कुठेच नव्हतं.

वरच्या अंगाला बघायला शिकवलंत, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाने येत नाही. इथे लख्ख ऊन असलं तरी कोयना धरणाच्या पाणलोटातल्या नवजाला किती पडला आणि धरणातून किती क्युसेक सोडले, ते आधी बघायचं. ते पाणी इथे पोचायला दिवसाहून जास्त लागतो, आणि तेवढी सवड घर आवरायला पुरते. वारणा फुगली की हरिपूरच्या संगमावर कृष्णेचा निचरा तुंबतो, म्हणून वारणेवरच्या चांदोली धरणाच्या विसर्गावरही नजर ठेवायची. आता आमची धाकटी हे सगळं माझ्याआधी बघते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 तिने स्वतःच कपाटाच्या दारावर लिहिलाय.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नाशीच्या वर गेलं. तळमजला याही वेळी बुडाला, भिंती पोपडल्या, दारं फुगली. पण पाणी गल्लीत शिरलं तेव्हा सासूबाई विश्रामबागला लेकीच्या हातचा चहा पीत होत्या, आणि होडीला हाक मारायची वेळ आमच्यावर आली नाही. परतल्यावरही तुमचंच ऐकलं: आधी काठी आपटत आत जायचं, कोपऱ्यात साप असू शकतो. वायरमनने तपासल्याशिवाय एकही बटण दाबायचं नाही. पाणी उकळून प्यायचं. पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाची, भीती असते.

काका, कुणी शहाणपण सांगितलं की मला पूर्वी राग यायचा, कारण त्यात बहुतेकदा ‘तुम्ही आधीच निघायला हवं होतं’ असा सूर असायचा. तुमच्या बोलण्यात तो कधीच नव्हता. आमची भीती तुम्ही खरी मानलीत आणि तिला कामाला लावलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

आता एक मागणं. दत्तनगरच्या माझ्या मैत्रिणीने आपला कागद मागितलाय. पण तिचं घर आमच्याहून सखल, आमचे फूट तिला चालायचे नाहीत. तिने भिंतीवरच्या रेघांचे फोटो पाठवलेत, ते तुम्हाला धाडतेय. तिचा आकडा तेवढा काढून द्या.

तुमची,
शेजारची सूनबाई
सांगली