त्रिपुरीनंतरचे पत्र

॥ श्री ॥

गावभाग, सांगली
शुक्रवार, दि. ७ नोव्हेंबर २०२५

चि. समीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा ‘पोचलो’ हा एका शब्दाचा निरोप काल पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी आला आणि तो मी त्याच मिनिटाला वाचला, हे त्या निळ्या खुणांवरून तुला कळले असेलच. तुझ्या आईला मात्र मी शांत झोपलो होतो असे सांगितले आहे. तिचा फोन आला तर तूही तसेच सांग. बुधवारी रात्री दारात जे बोलणे झाले त्यावर फोनवर बोलायला गेलो असतो तर पुन्हा आवाज चढला असता, म्हणून कागद पुढे घेतला. गाडीविषयी आणि रात्रीच्या प्रवासाविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही असे ठरवूनच बसलो आहे.

आधी फळ्याचे सांगतो. काल वाचनालयाच्या दारातला फळा कोराच राहिला. निवृत्तीनंतरच्या अकरा वर्षांत दिनविशेष लिहिला गेला नाही असे दिवस फार थोडे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले आणि फळाच पाण्याखाली होता, तेव्हाचे सोडले तर बोटांवर मोजण्याइतके. काल खडू घेऊन उभा राहिलो, ‘६ नोव्हेंबर’ एवढे लिहिले आणि पुढे हात चालेना. ग्रंथपालबाईंनी बरे वाटत नाही का म्हणून विचारले, तेव्हा डोळ्यांचे कारण सांगून घरी परतलो. तू दारात जे म्हणालास, “तुमच्या फळ्यावर माझे नाव येणार नाही, काळजी करू नका,” ते तू चेष्टेने म्हणालास हे मला ठाऊक आहे. तरीही ते वाक्य त्या फळ्यापुढे उभे राहिल्यावरच मला पुरते ऐकू आले.

आज मात्र सकाळी सात वाजताच जाऊन लिहिले, कारण आजची तारीख चुकवण्यासारखी नाही. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे चढले. तीच शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल झाली. तू सहावीत असताना सहलीबरोबर मी तुम्हाला तेथे नेले होते. तुझे सगळे लक्ष अजिंक्यताऱ्यावर कधी चढायला मिळते इकडे होते. राज्यात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मला स्वतःला जयंती-पुण्यतिथीपेक्षा ही तारीख अधिक आवडते. जन्म आणि मृत्यू यांत माणसाचे स्वतःचे कर्तृत्व काही नसते. पोराला शाळेत घालणे हे मात्र कोणा बापाने सकाळी उठून, कपडे करून, चालत जाऊन केलेले काम असते. तुला मी शाळेत घातले तेव्हा पाऊस होता आणि तू माझ्या छत्रीची दांडी शेवटपर्यंत सोडली नव्हतीस. पुढे तीच दांडी सोडून दहावीला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवलेस, हे मी अजूनही वाचनालयात कोणी विचारले नाही तरी सांगतो. तुझी आई त्यावरून मला हसते.

फळ्यावर जागा कमी असते म्हणून तिथे लिहिले नाही, पण त्याच सातारकर मुलाची आणखी एक गोष्ट आज दिवसभर मनात आहे. १९०१ मध्ये सुट्टीत तो आणि त्याच्या घरची पोरे वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली, आगगाडीने मसूरला उतरली आणि वडिलांकडून कोणी न्यायला येईल म्हणून स्टेशनावर वाट पाहत बसली. कोणी आले नाही. पोरांची जात कळल्यावर गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि बैलगाडी पोरांनी स्वतःच हाकायची या अटीवर एक जण तयार झाला, आणि रात्रभर त्यांना कोणी पाण्याचा थेंब दिला नाही. त्या रात्रीचे दुःख जातीचे होते. ते मी माझ्या बारीकशा काळजीच्या कामी लावू नये, एवढे मला कळते. पण त्या हकीकतीतला एक तपशील मी पूर्वी नुसता वाचून सोडून देत असे. पोरे येत आहेत हे पत्र रामजी सुभेदारांना द्यायचेच गडी विसरला होता. म्हणजे पोरे अंधारात वाट काढत असताना बापाला काहीच ठाऊक नव्हते. मला तू निघालेला असतोस हे ठाऊक असते. आष्टा गेले असेल, पेठ नाका आला असेल, आता कऱ्हाड, आता खंबाटकी, असा मी अंथरुणावर पडल्या पडल्या तुझ्याबरोबर पुण्यापर्यंत जातो.

पाहा, लिहायचे नाही म्हणता म्हणता लिहिलेच.

बुधवारचा दिवस किती चांगला गेला होता! ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आणि त्रिपुरी पौर्णिमा यंदा एकाच दिवशी आली. एक तारखेने येणारा आणि एक तिथीने, त्यामुळे असा योग नेहमी जुळत नाही. त्यासाठी तू रजा घेऊन आलास, हे मी त्या दिवशी तुला बोलून दाखवले नाही, ते आता लिहितो. सकाळी तू माझ्याबरोबर फळ्यापर्यंत आलास आणि १८४३ चे ‘सीता स्वयंवर’ तुझ्या अक्षरात लिहिलेस. तुझे अक्षर बिघडले आहे, पण लोकांनी वाचले. शाळकरी मुलांना मी दरवर्षी सांगतो की चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले, तसे मराठीत करावे म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितले आणि आपल्या या गावात मराठी नाटक उभे राहिले. त्या दिवशी तू मला विचारलेस की पुढे भाव्यांचे काय झाले. आप्पासाहेब १८५१ मध्ये गेले, राजाश्रय संपला आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडू लागले, १८५३ मध्ये मुंबईला पोचले. सांगलीची माणसे पोटासाठी बाहेर पडतात ही काही तुमच्या हिंजवडीपासूनची गोष्ट नाही. तू पुण्याला राहतोस याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, आजही नाही. तक्रार एवढीच आहे की नाटकमंडळीसुद्धा रात्री खेळ करीत आणि मुक्काम करून सकाळी निघत असावीत. याला माझ्याकडे पुरावा नाही, तेव्हा हे वाक्य वजा कर.

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर तू आजीला दोन्ही हातांनी धरून पायऱ्या उतरवल्यास. पाणी संथ होते, आणि तिने स्वतः वळलेल्या त्रिपुरवाती तुझ्या हातून लावून घेतल्या. मागे उभ्या असलेल्या बायकांनी हा कोणाचा मुलगा म्हणून विचारले. मी काही बोललो नाही, तुझ्या आईनेच सांगितले. एवढे सगळे झाल्यावर रात्री सव्वादहाला तू हेल्मेट उचललेस आणि मी म्हणू नये ते म्हणालो. “असेच जायचे असेल तर येत जाऊ नकोस,” हे वाक्य माझे नव्हते, भीतीचे होते, असे लिहिणार होतो. पण तोंड माझेच होते. मला क्षमा कर.

आता जे आम्ही तुला कधी नीट सांगितले नाही ते सांगतो. त्रिपुरीच्या रात्री या घरातून कोणी निघालेले आजीला चालत नाही. माझा भाऊ आप्पा त्याच रात्री घाटावरून आला, पानावर बसला, अर्धे जेवून राजदूत मोटरसायकलवर कऱ्हाडला निघाला. तेव्हाही मीच दारात होतो, आणि तेव्हा मी काहीच बोललो नव्हतो. कासेगावच्या अलीकडे उसाची ट्रॉली चाक बसल्यामुळे रस्त्यात उभी होती, मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. तुझ्या जन्मापूर्वी पाच वर्षे. तुझी आई तो दिवस तिथीने, कार्तिक वद्य प्रतिपदेला पाळते आणि त्याला आवडणारे भरले वांगे करते. तू त्याला कार्तिकातला काही उपचार समजत आला आहेस. मी तो तारखेने पाळतो, म्हणजे त्या तारखेला फळा लिहून लवकर घरी येतो. जगातल्या इतक्या लोकांच्या पुण्यतिथ्या मी खडूने लिहिल्या, पण ही एक तारीख आली की माझे काहीतरी चुकतेच. एकदा तर साल शंभर वर्षांनी चुकले होते आणि आठवीतल्या एका मुलीने येऊन सांगितले.

बुधवारी तू गेल्यावर आजी उंबऱ्यातल्या पणत्या विझवू देईना. रात्री एकच्या सुमारास तिने मला हाक मारून विचारले, “आप्पा पोचला का?” मी “हो” म्हणालो.

उसाचा हंगाम आता कुठे सुरू होतो आहे. मार्चपर्यंत डबल ट्रॉल्या, बैलगाड्या, रस्त्यावर सांडलेले वाढे आणि मध्येच बंद पडलेले ट्रॅक्टर असणारच. त्या चालवणाऱ्या माणसांचाही दोष काढत नाही, तीही बिचारी रात्रभर जागी असतात. त्यात महामार्गाच्या रुंदीकरणामुळे ठिकठिकाणी वळणरस्ते. तू म्हणतोस की रात्री रहदारी कमी असते आणि चार तासांत होते. मी म्हणतो की ज्या सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा आणि त्यांचे साथीदार २४ जुलै १९४३ ला निसटले, तेही दिवसाढवळ्या निसटले, अंधाराची वाट पाहिली नाही! हा युक्तिवाद लंगडा आहे. त्या दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीबारात हुतात्मा झाले, हे दरवर्षी फळ्यावर मीच लिहितो, तेव्हा दिवसाचा दाखला देण्याचा मला अधिकार नाही. शिक्षकाला उदाहरणावाचून बोलता येत नाही, तू लहानपणापासून सोसतो आहेस.

तुझ्या हातात गाडी चांगली आहे, हे मी आष्ट्यापर्यंत मागे बसून पाहिले आहे. वळणावर वेग कमी करतोस, पुढच्याला घाईने मागे टाकत नाहीस. कोणी विचारले तर मी तुझी बाजू घेईन. पण उभ्या ट्रॉलीला दिवा नसेल तर चांगल्या हाताचा काय उपयोग, आप्पाचा हात तर माझ्यापेक्षाही... असो.

पुढचे ठरवू. ४ डिसेंबरला, गुरुवारी, दत्तजयंती आहे. आजीला औदुंबरला जायचे आहे, आणि तुझ्याबरोबरच जायचे आहे असा तिचा हट्ट आहे. बुधवारी कोयना एक्सप्रेसने निघालास तर संध्याकाळी मी स्टेशनावर येईन. गाडीनेच यायचे असेल तर उजेडात निघ आणि उजेडात पोच, आणि शुक्रवारी सकाळचा चहा घेऊन मगच परत जा. एक दिवसाची रजा त्यासाठी जास्त मागावी लागेल. कामाची अडचण असेल तर तसे कळव, मी वाद घालणार नाही, आजीला काहीतरी सांगेन.

आईने तुझ्या डब्यातून चिवडा राहिला म्हणून तो वेगळा बांधला आहे. मफलरही इथेच राहिला. ही सगळी पुडकी उद्या तुझ्या मित्राबरोबर पाठवतो, तो एस.टी.ने येतो आहे.

तुझा,
बाबा

ता. क. पुडक्यात तळाशी चमकणाऱ्या पट्टीची एक गुंडाळी आहे, लाल-पिवळी. माधवनगर रस्त्यावर ट्रॉलीवाले घेतात त्या दुकानातून काल आणली. दुकानदाराने किती ट्रॉल्या आहेत म्हणून विचारले. जाकिटाच्या पाठीवर आणि हेल्मेटच्या मागे लाव. आईने शिवून दिली असती, पण जाकीट तू घालून गेलास.