पाणी उकळण्याची सूचना उठली, पण घरातल्या टाक्यांचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या भागात दूषित पाणी आले की ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना ठळक छापली जाते. ती मागे घेतल्याची बातमी मात्र आतल्या पानावर दोन ओळींत उरकते आणि त्याच संध्याकाळी लोक नळाखाली पेला धरतात. वडोदऱ्यात तरी खरा घात इथेच होतो. ‘पाणी शुद्ध झाले’ हे महापालिकेचे म्हणणे तिच्या नळजोडणीपर्यंतचे असते. जोडणीच्या आतली जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, भिंतीतले पाइप, गीझर आणि आरओ यांच्यात सूचना लागू असतानाचेच पाणी साठलेले असते. ठरलेल्या वेळीच पाणी येणाऱ्या शहरात दोन-तीन दिवसांचा साठा घरोघरी असतो. हे जुने पाणी काढून घर स्वच्छ कसे करायचे, हे सूचना उठल्याच्या बातमीला जोडूनच छापले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

सूचना कोणत्या टांकीच्या, म्हणजे महापालिकेच्या पाणीवाटपाच्या मोठ्या टाकीच्या, विभागापुरती उठली, हे आधी पाहावे. शहराचे पाणी पाणीगेट, नालंदा, लालबाग अशा टांक्यांवरून वाटले जाते. काही भागांत निमेट्याच्या शुद्धीकरण केंद्रातून अजवा तलावाचे पाणी येते, तर काहींत मही नदीच्या पात्रातल्या ‘फ्रेंच’ विहिरींचे. शेजारच्या पोळात (गल्लीत) सूचना उठली म्हणजे आपल्याकडेही उठली, असे धरून चालू नये. घरची साफसफाई पूर्ण होईपर्यंत पिण्याचे, स्वयंपाकाचे आणि दात घासण्याचे पाणी उकळलेलेच वापरावे. भांडेभर खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट पुरते. ३ मिनिटांचा नियम २००० मीटरपेक्षा उंच ठिकाणांसाठी आहे. वीस-वीस मिनिटे गॅस जाळण्याने जास्त काही साधत नाही. पाणी गढूळ असेल तर आधी दुहेरी फडक्यातून गाळावे, आणि उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून निवू द्यावे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाण्याला रॉकेलचा किंवा रसायनाचा वास येत असेल तर उकळण्याचा उपयोग नाही. ते पाणी पिऊच नये.

सफाईचा क्रम पाणी ज्या वाटेने घरात येते त्याच वाटेचा: रस्त्याकडून आत आणि मग खालून वर. पुष्कळ घरांत आधी गच्चीवरची टाकी धुतात, कारण ती डोळ्यांसमोर असते. मग खालच्या टाकीतले घाण पाणी मोटरीने वर चढते आणि सगळी मेहनत वाया जाते.

नव्या पाण्याची पहिली धार टाकीत जाऊ देऊ नये. पुरवठा बंद असताना रस्त्यातल्या पाइपात दाब नसतो, आणि सैल सांध्यांतून आजूबाजूच्या गटाराचे पाणी आत झिरपते. पुरवठा सुरू झाला की ते सर्वांत आधी आपल्या दारी येते. टाकीच्या आधीचा नळ उघडून पाणी नितळ दिसेपर्यंत, निदान ५ मिनिटे, बाहेर सोडावे. असा नळ नसेल तर प्लंबरकडून एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक कॉक बसवून घ्यावा. खर्च किरकोळ आहे, उपयोग दरवेळी होतो.

सगळ्यात दुर्लक्षित असते ती जमिनीखालची टाकी. मोटरीचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची झडप, तळापासून थोडा वर टांगलेला असतो, म्हणून मोटर हवा ओढू लागली तरी टाकी रिकामी झालेली नसते. २ मीटर लांब आणि २ मीटर रुंद टाकीत फूटव्हॉल्व्ह १५ सेंटिमीटर वर असेल तर ६०० लिटर पाणी गाळासकट खालीच राहते. ते बादलीने किंवा छोट्या पंपाने उपसावेच लागते. त्याआधी मोटरीचा मेन स्विच बंद करावा. झाकणे काढून टाकी बराच वेळ हवेशीर होऊ द्यावी. बंद टाकीत, विशेषतः पुराचा गाळ कुजलेला असेल तर, प्राणवायू कमी असू शकतो आणि विषारी वायूही साठलेला असू शकतो. आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर एक माणूस हवाच. आतला माणूस कोसळला तर वरच्याने त्याच्यामागे उडी घेऊ नये. दोराने ओढावे आणि मदत बोलवावी. पेट्रोल-डिझेलवर चालणारा पंप टाकीत कधीही उतरवू नये. खोल किंवा वायूची शंका असलेल्या टाकीत सराईत माणसेच साधनांसह उतरवावीत. इथे पैसे वाचवू नयेत.

रिकाम्या टाकीच्या भिंती आणि तळ ब्रशने घासावेत आणि ते पाणीही उपसून टाकावे. मग टाकी पाहावी. चिरांतून ओल येते का? झाकण रस्त्याच्या पातळीच्या खाली गेले आहे का? ओव्हरफ्लोचा पाइप थेट गटारात तर सोडलेला नाही? ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात ज्या टाक्यांच्या तोंडावरून पाणी गेले, त्यांपैकी ज्यांची तोंडे अजून तेवढीच खाली आहेत त्यांना पुढच्या पुरात तोच धोका आहे. कठडा हातभर उंच करणे आणि ओव्हरफ्लो गटारापासून तोडून त्याच्या तोंडाला जाळी लावणे, ही कामे टाकी रिकामी असतानाच सोपी पडतात.

आता क्लोरिन. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरिन असते, पण पुडा फुटला की ते उडू लागते. म्हणून हिशेब २५ टक्क्यांचा धरावा. ढेकळे झालेली, वास गेलेली पावडर घेऊ नये. खालची टाकी काठोकाठ भरून निर्जंतुक करायची तर हजारो लिटर पाणी वाया जाते. त्याऐवजी दाट द्रावण फासावे: २० लिटरच्या बादलीत १६ ग्रॅम पावडर. म्हणजे लिटरला साधारण २०० मिलिग्रॅम क्लोरिन होते. टाकीबाहेर उभे राहून लांब दांड्याच्या ब्रशने ते भिंतींना आणि तळाला लावावे, पृष्ठभाग अर्धा तास ओला ठेवावा, मग साध्या पाण्याने धुऊन ते पाणी उपसावे. द्रावण लावताना टाकीत कोणी असू नये. बंद जागेत क्लोरिनचा वास छातीत भरतो.

गच्चीवरच्या टाकीची तऱ्हा वेगळी, कारण तिच्यामागे घरभरचे पाइप असतात आणि तेही निर्जंतुक करायचे असतात. प्रथम घराकडे जाणारा कॉक बंद करावा. गाळ तळाच्या वॉशआउटमधून बाहेर काढावा, घरातल्या नळांतून नव्हे. नळांतून काढला तर तो गीझरमध्ये आणि नळांच्या जाळ्यांत जाऊन बसतो. टाकी घासून, धुऊन, स्वच्छ केलेल्या खालच्या टाकीच्या पाण्याने भरावी. १००० लिटरला २०० ग्रॅम पावडर हे माप. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घेऊन त्यात पावडर ढवळावी, १५ मिनिटे थांबावे आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतावी. खाली बसलेला चुना टाकीत गेला तर बॉलकॉक अडकतो आणि फिल्टर तुंबतात. पावडरऐवजी ४ टक्क्यांचे सुगंध नसलेले सोडियम हायपोक्लोराइट वापरायचे तर १००० लिटरला सव्वा लिटर. हातमोजे आणि चष्मा घालावा. संडास-फरशी धुण्याचे ॲसिड या कामाच्या जवळपासही आणू नये. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरिन वायू सुटतो.

त्यानंतर घराचा कॉक उघडून टाकीच्या सर्वांत जवळच्या नळापासून सुरुवात करावी. प्रत्येक नळ, शॉवर, फ्लश आणि गरम पाण्याची तोटी क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडून बंद करावी. त्याआधी गीझरची वीज बंद हवी आणि आरओचा कॉक बंद हवा. हे पाणी २४ तास तसेच ठेवावे. तेवढा वेळ नसेल तर दुप्पट मात्रा, म्हणजे १००० लिटरला ४०० ग्रॅम, आणि ८ तास. या काळात ते पाणी पिण्याला, आंघोळीला किंवा भांड्यांना वापरायचे नाही; प्रत्येक नळावर चिठ्ठी लावावी, मुले आणि कामाला येणाऱ्या बायकांना सांगून ठेवावे. नंतर टाकी रिकामी करताना ते पाणी मैलागटाराच्या चेंबरमध्ये सोडावे. रुपारेल किंवा भुखी कांसात (पावसाळी नाल्यात) नको, कारण कांसातून ते सरळ विश्वामित्रीत जाते आणि तिथे मगरी-कासवे राहतात. झाडांच्या मुळाशीही नको.

टाकी ताज्या पाण्याने भरून पुन्हा सगळे नळ सोडावेत. किती वेळ, याचा हिशेब करता येतो. २० मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे जेमतेम ०.३ लिटर पाणी मावते, म्हणजे ३० मीटर पाइपात ९-१० लिटर. मिनिटाला ६ लिटर देणारा नळ ५ मिनिटे सोडला तर पाइप तीन वेळा धुऊन निघतो. गीझरचे गणित निराळे: २५ लिटरच्या गीझरमधून निदान तीन बादल्या पाणी जाऊ द्यावे, आणि तो पूर्ण भरल्याची खात्री झाल्यावरच वीज लावावी, नाहीतर कॉइल जळते. नळांच्या तोंडाच्या जाळ्या काढून घासाव्यात. नळाला बांधलेली फडक्याची पिशवी फेकून द्यावी.

आरओवरचा विश्वास मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो. ‘आमच्याकडे आरओ आहे’ म्हणून सूचना लागू असतानाही न उकळता पिणारी घरे खूप आहेत. यंत्रातला कार्बन आधी क्लोरिन शोषून घेतो, त्यामुळे पुढच्या छोट्या टाकीतल्या पाण्याला कसलेच संरक्षण उरत नाही आणि शिरलेले जंतू तिथे सुखाने वाढतात. पटल (मेम्ब्रेन) झिजलेले किंवा त्याची रबरी सील सैल असेल, तर घाण पाणी बाजूने निघून जाते. गढूळ पाण्यात अतिनील दिव्याचा प्रकाश पोचत नाही. म्हणून घरचे पाइप स्वच्छ झाल्यावर गाळाचे आणि कार्बनचे कार्ट्रिज नवे घालावे, आतली टाकी तंत्रज्ञाकडून निर्जंतुक करून घ्यावी आणि पहिल्या दोन-तीन टाक्या भरून ओतून द्याव्यात. २०० ग्रॅमच्या मात्रेचे पाणी आरओत जाऊ देऊ नये. क्लोरिनने पटल खराब होते. कँडल फिल्टरच्या साध्या कँडल मऊ ब्रशने घासून उकळाव्यात, कार्बन भरलेल्या बदलाव्यात.

बर्फ आणि बर्फाचे ट्रे, फ्रिजमधल्या बाटल्या, कूलरचे पाणी: सगळे ओतून, साबणाने धुऊन नवे भरावे. वॉशिंग मशीन एकदा गरम पाण्यावर रिकामेच चालवावे. जुन्या माठाची छिद्रे धुऊन साफ होत नाहीत, माठ नवा घ्यावा. आणि त्यात हातासकट तांब्या बुडवण्यापेक्षा लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे किंवा तोटीचाच माठ आणावा.

एवढे केल्यावर तपासणी हवीच. क्लोरिनच्या छोट्या किटने स्वयंपाकघराच्या नळाचे पाणी पाहावे. भारतीय मानकाप्रमाणे तिथे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरिन हवे. जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली मिळते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ही चाचणी १९८२ मध्ये मांडली. बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवायचे. २४ ते ४८ तासांत काळे पडले तर मैल्याच्या दूषिततेची दाट शंका. एकाच दिवशी तीन बाटल्या भराव्यात: रस्त्याकडून येणारे पाणी, खालची टाकी, स्वयंपाकघराचा नळ. पहिली काळी झाली तर तक्रार महापालिकेच्या वॉर्ड कचेरीत. पहिली नितळ आणि दुसरी काळी असेल तर दोष आपल्या टाकीत. फक्त तिसरी काळी झाली तर वरची टाकी आणि पाइप पुन्हा करायचे. बाटली नितळ राहिली म्हणजे सगळे जंतू गेले असे मात्र नव्हे. क्लोरिनला दाद न देणारे परजीवी या चाचणीत दिसत नाहीत. म्हणूनच गाळ घासून काढण्याचे काम टाळता येत नाही.

नळाच्या लाइनवर थेट मोटर लावण्याची सवय सोसायट्यांनी मोडलीच पाहिजे. मोटर पाइपातून पाणी खेचते तेव्हा आत उणा दाब तयार होतो, आणि गटाराजवळचा गंजलेला जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल तर त्यातून मैला ओढला जातो. तो मोटर लावणाऱ्याच्याच नव्हे, पुढच्या चार घरांच्या टाकीतही पडतो. पाणी आपल्या दाबाने खालच्या टाकीत पडू द्यावे आणि मोटरीने ते तिथूनच वर चढवावे. गटारातून किंवा चेंबरमधून जाणारी घरची जोडणी असेल तर ती बदलून घ्यावी. ही दुरुस्ती झाल्याशिवाय टाकी दहा वेळा धुतली तरी पाणी पुन्हा बिघडेल.

जुलाब-उलट्या लगेच दिसतात, कावीळ नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ २ ते ६ आठवड्यांनी, ‘ई’ प्रकारची कधी त्याहूनही उशिरा उमटते, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ‘ई’ प्रकार जिवावर बेतू शकतो. टायफॉइडलाही १ ते ३ आठवडे लागतात. तोवर सूचनेची आठवण कुणाला राहत नाही आणि डॉक्टरांना सांगितलेही जात नाही. आपल्या वृत्तपत्राने सूचना लागू झाल्याची आणि उठल्याची तारीख, विभागाच्या टांकीचे नाव आणि वरची पावडरची मापे चौकटीत एकत्र छापावीत. ती चौकट कापून फ्रिजवर लावता येईल आणि दोन महिन्यांच्या आत घरात कुणाला ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा आला तर डॉक्टरांना दाखवता येईल.

आपला,
पाणीपुरवठ्याच्या कामातला एक वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा