गोळी बंद करण्याआधी

तीर्थस्वरूप बाबांना शि. सा. न.

तुम्ही कोलेस्ट्रॉलची गोळी पंधरा दिवसांपासून बंद केलीत, हे काल आईकडून कळलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. रागावले नाहीये बाबा, घाबरलेय.

या गोळीने मधुमेह होतो असं सांगणारा जो व्हिडिओ तुम्ही पाहिलात, तो मी आईकडून मागवून घेतला, दोनदा पाहिला. माणूस पांढरा कोट घालून बसलाय, पण शिक्षण काय, ते कुठेच सांगत नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात कॅप्सूलची बाटली पुढे करतो. तिथेच थांबवून नीट पाहिलं. बाटलीवरचं नाव आणि चॅनेलचं नाव एकच!

पण मला खरा त्रास झाला तो पुढेच. तो धडधडीत खोटं बोलत नाहीये. या गोळीने मधुमेहाचा धोका थोडा वाढतो, हे खरं आहे. 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात, या गोळ्यांच्या 13 चाचण्यांमधल्या 91 हजारांहून जास्त लोकांचा एकत्र हिशेब छापून आला होता. 255 जणांनी 4 वर्षं गोळी घेतली, तर एरवी झाला नसता असा मधुमेह एकाला होतो. आणि तेवढ्याच लोकांत, तेवढ्याच काळात, साधारण पाच जणांचा हार्ट अटॅक किंवा त्याने येणारा मृत्यू टळतो. त्याने तो एक सांगितला आणि पाच गाळले. तुमची तर अँजिओप्लास्टी झालेली. तुमच्यासारख्यांना फायदा आणखी जास्त.

तुमची चूक नाही. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात आणि हा माणूस अर्धा तास आपल्या भाषेत, समजेल असं बोलतो. भरवशाची माहिती मराठीत इतक्या सोप्या शब्दांत क्वचितच मिळते, याचं मला फार वाईट वाटतं. वाचायचंच असेल तर मेडलाइनप्लस ही वेबसाइट बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं आहे, 1998 पासून चालू, जाहिरात एकही नाही. इंग्रजी अडलं तर पानाचा फोटो पाठवा, मी फोनवर समजावून सांगेन.

पाय दुखतात म्हणून बंद केलीत का? तसं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. उद्या सकाळीच त्यांना फोन करा. कधीपासून बंद आहे ते लपवू नका, तारखेसकट सांगा. ते काय म्हणाले ते लगेच कळवा. मी जागी असेन.

तुमची लेक